हडपसरपर्यंत गेलेली आरोळी

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं, की पाळकसाहेब म्हणतात, "प्रभूनं काय केलं ते सांगा." मी उभा राहिलो, की म्हणतात, "थोडक्यात सांगा."

या वेळी मात्र त्यांनी स्वतः घरी येऊन वही दिली. "भालेराव, लिहून काढा. गळ्याचा हाच आजार आणखी कुणाला तरी होणार, त्याला धीर येईल. फक्त जे झालं तेवढंच लिहा."

जे झालं तेवढंच! जेवणात मीठ नको म्हणणं आणि हे म्हणणं, माझ्या बाबतीत एकच. म्हणून त्यांनी जाताना शालिनीच्या हातात पेन्सिल दिली. शालिनी म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं एकदाही खोटं बोललेलं मला आठवत नाही, आणि मी एकदाही बोललो आणि तिनं पकडलं नाही असं झालेलं नाही. मी लिहितो आहे, ती शेजारी लसूण सोलत बसली आहे. मध्येच ओणवी होऊन वाचते आणि पेन्सिल चालवते. तिनं केलेले फेरफार मी तसेच ठेवणार आहे. पुराव्यादाखल.

मी योसेफ भालेराव, राहणार नाना पेठ, पुणे, वय साठ. (पेन्सिल: चौसष्ट.) नारायण पेठेतल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मशिनवर होतो. तिथं मशिन सुरू झालं की शेजारच्या माणसाकडे चुना मागायचा तरी सबंध पेठेला ऐकू जाईल असं बोलावं लागे. त्यातून माझा आवाज घडला. आणि त्या आवाजामुळे मला आमच्या मंडळीतला सगळ्यात मोठा मान मिळाला.

आरोळी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उजाडायच्या आधी, आमची मंडळी कबरस्थानात जमते. आदल्या दिवशी कबरी धुऊन, चुना लावून ठेवलेल्या असतात. लोक बाहेर फाटकाशी मेणबत्त्या घेऊन उभे राहतात, अगदी गप्प. लहान मुलंसुद्धा. एकच माणूस आत जातो, कबरींच्या मधोमध उभा राहतो, आणि पूर्वेला पहिली पांढरी रेघ दिसली की पूर्ण ताकदीनं ओरडतो, "प्रभू उठला आहे!"

बाहेरून सगळे उत्तर देतात, "खरोखर उठला आहे!" आणि मगच फाटक ढकलून आत येतात, आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं घालतात, गाणी म्हणतात.

तो आत जाणारा माणूस तीस वर्षं मी होतो. माईक नाही, भोंगा नाही. माझी आरोळी पार शहराच्या टोकाला, हडपसरपर्यंत ऐकू जाते, हे मी तीस वर्षं सांगत आलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं आरोळी ऐकून अंथरूण सोडलं, असंही सांगितलं. (पेन्सिल: फाटकापर्यंत जाते. तीही वारा असेल तर.)

ही आरोळी लक्षात ठेवा. माझ्या आजारपणात दुखणं, खर्च, सुया, सगळं होतं. पण जीव अडकला होता तो हिच्यात.

सदाशिव पेठेतले डॉक्टर

नाताळच्या गाण्यांच्या फेरीत आवाज बसला. बसला तो उठेना. जानेवारी गेला. मी लोकांना सांगत होतो, गाताना सूर इतका वर नेला की वरच राहिला. लोक हसत होते. शालिनी हसत नव्हती. शेवटी तिनं मला स्कूटरवर मागे बसवलं आणि सदाशिव पेठेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. हो, स्कूटर ती चालवते. मी मागे बसून दिशा सांगतो.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मी नाताळपासून सुरुवात केली. गाण्यांची फेरी, थंडी, कुणाच्या घरी करंज्या कशा होत्या, सगळं. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "आवाज जातोय अशीच तक्रार आहे ना आपली? मग जरा जाऊ द्या की त्याला."

असा डॉक्टर मला फार आवडतो. मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या.

मग त्यांनी नाकातून एक बारीक नळी घातली आणि पडद्यावर घशातलं बघायला लागले. मी वाट बघत होतो पुढच्या टोमण्याची. टोमणा आला नाही. नळी काढून त्यांनी हात पुसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "काका, सोबत कोण आलंय?"

सदाशिव पेठेतला माणूस गोड बोलायला लागला, तेव्हाच मला कळलं.

कागद

तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी कागद आला. स्वरयंत्राचा कर्करोग. पुढे मोठ्या रुग्णालयात आणखी तपासण्या झाल्या, आणि तिथल्या सर्जनबाईंनी समोर बसून नीट सांगितलं. जीव वाचायची आशा चांगली आहे. स्वरयंत्र मात्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा, कायमचा. आवाज राहणार नाही.

मी म्हणालो, "अर्धं काढा ना. अर्ध्यानंसुद्धा मी दोघांचं बोलतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सिगारेट?"

"छे! छापखान्याच्या मागच्या बोळात कधीमधी. दिवसाला दोन."

शालिनी शांतपणे म्हणाली, "सहा. शाईचा वास आहे म्हणून सांगायचे."

एकतीस वर्षं मला वाटत होतं की ही एक थाप तरी पचली. ती पचली नव्हती, तिनं गिळली होती. हे वाचणाऱ्या माझ्या भावांनो, माझ्याकडून एवढंच फुकट घ्या: आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर गोष्टी सांगत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि बोळातून बाहेर या.

घरी आलो आणि बेडरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. तीस वर्षं मी कबरींच्या मधोमध उभा राहून ओरडलो की मरण हरलं. आणि माझ्या नावाचा एक कागद आला तर मी पलंगाच्या कडेला बसून थरथरत होतो. म्हणजे ती तीस वर्षांची आरोळी हीसुद्धा माझी थापच होती की काय? हा प्रश्न मला त्या आजारापेक्षा जास्त लागला.

दोन दिवस लोक प्रार्थनेला येत होते, मी दार उघडत नव्हतो. तिसऱ्या दिवशी दुपारी पाळकसाहेब आले आणि दाराबाहेर खुर्ची ओढून बसले.

"भालेराव, सलाम. दार उघडा."

"मी घरी नाही."

"बरं. मग जे घरी नाहीत त्यांना माझा एक निरोप द्या. प्रभू उठला त्या पहिल्या रविवारी त्याचे शिष्यसुद्धा भीतीनं दार लावूनच बसले होते. आधी दार उघडा, धीर धरा, मग येतो, असं प्रभू म्हणाला नाही. बंद दाराच्या आतच येऊन उभा राहिला."

मी कडी काढली. "म्हणजे घाबरलं तर चालतं?"

"घाबरलेलं चालतं. ऐकून गप्प बसलेलं चालत नाही. तो उठला हे ज्याला कळलं त्यानं जाऊन सांगायचं, एवढंच आपल्याकडून अपेक्षित आहे. बाकी सगळं त्यानं केलंय."

"अहो साहेब, पण मला गप्पच करणार आहेत! पुढच्या महिन्यात, भूल देऊन!"

पाळकसाहेब म्हणाले, "ते कसं, हे मलाही कळत नाही. आपण दोघं मिळून शोधू." त्या दिवशी त्यांनी खोटा धीर दिला नाही, म्हणून तो माणूस मला जास्तच मोठा वाटतो.

दुपारची आरोळी

ऑपरेशन नेमकं ईस्टरआधीच्या उपासकाळात आलं, पुनरुत्थानाच्या रविवारच्या अकरा दिवस आधी. युक्ती काढली माझ्या मुलीनं, रूथनं. ती हडपसरला कंप्यूटरच्या कंपनीत आहे. "पप्पा, सोप्पंय. तुमची आरोळी आत्ता रेकॉर्ड करून ठेवू. ईस्टरला स्पीकरवर लावू. दरवर्षी लावता येईल."

मला कल्पना फारच पसंत पडली. म्हणजे मी गेल्यावरही पन्नास वर्षं मीच ओरडणार! आवाज फाटका झाला होता, तरी गॅलरीत उभं राहून छाती भरून ओरडलो. पंधरा वेळा. (पेन्सिल: तीन.) तिसऱ्या वेळेला खालच्या मजल्यावरून काकांचा आवाज आला, "अहो भालेराव, उठला ना? मग आता आम्हाला झोपू द्या. दुपार आहे."

तोही आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला. रूथनं नंतर कापला.

ऑपरेशनच्या सकाळी मला शेवटचं काहीतरी भव्य बोलायचं होतं. सात वाक्यं तयार केली होती, प्रत्येक वाक्य भिंतीवर लावण्यासारखं. स्ट्रेचरची ढकलगाडी आली, शालिनी शेजारून चालत होती, ऑपरेशनच्या खोलीचं दार आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "चष्मा नीट ठेव गं, काडी ढिली आहे."

माझ्या नैसर्गिक आवाजातले शेवटचे शब्द हेच. शालिनी म्हणते, मी आयुष्यात बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य.

पाटी

शुद्धीवर आलो तर श्वास नाकातून येत नव्हता. गळ्याशी गार लागत होतं. घाबरून ओरडलो, म्हणजे ओरडायला गेलो, आणि नुसती हवा गळ्याशी फसकन सुटली. कुकरची शिट्टी काढून ठेवली की जशी सुटते तशी. ज्यांना यातून जायचं आहे त्यांना सांगून ठेवतो, पहिले दोन दिवस याचीच भीती सगळ्यात मोठी. तिसऱ्या दिवशी ती निम्मी होते. (पेन्सिल: पाचव्या. हे महत्त्वाचं आहे, नीट लिहा.) बरं, पाचव्या.

हातात पाटी दिली, पांढरी, पुसता येणारी. नाकात जेवणाची नळी. दिवसातून अनेकदा सिस्टर येऊन गळ्यातला कफ ओढून काढायच्या. गोंदियाकडची पोर, हात असा हलका की मी पाटीवर तिला मुकुट काढून दिला. तिला वाटलं मी बेडपॅन मागतोय. आणून दिलं.

शालिनी खुर्चीवर. दहा दिवस तीच खुर्ची. मी लिहीत सुटलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची गोष्ट, खिडकीतल्या कबुतराची गोष्ट, डाळीचं पाणी नाकानं पिण्याची चव. लिहायचं, तिच्यापुढे धरायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. चौथ्या की पाचव्या दिवशी ती एकदम म्हणाली, "चौतीस वर्षं तुम्ही बोललात, मी ऐकलं. आता तुम्ही लिहिताय, मी वाचतेय. माझं कधी हो?"

ती ओरडली नाही. तिला ओरडता येतच नाही, असं मला वाटत होतं. मी मार्कर तिच्यापुढे धरला. तिनं पाटी घेतली, बराच वेळ कोरी मांडीवर धरली, काहीच लिहिलं नाही. मग ओल्या कापडानं पुसून माझ्या हातात परत दिली. कोरी पाटी पुसली तिनं.

सहाव्या दिवशी आरसा आणला. मी मान फिरवली. मनात ठरवलं होतं, आता जन्मभर मफलर. शालिनी म्हणाली, "बघून घ्या. नाहीतर लोकांना बंदुकीची गोळी लागली म्हणून सांगाल."

बघितलं. भोक. लालसर, शर्टाच्या गुंडीएवढं. आणि तेव्हा अचानक जे सुचलं ते पाळकसाहेबांनाही आवडलं, म्हणून लिहितो. प्रभू उठला तेव्हा त्याला सगळं नवं करता आलं असतं. हातापायांचे खिळ्यांचे व्रणही भरून काढता आले असते. पण त्यानं ते ठेवले, आणि मित्रांना दाखवले. मग मी कोण मोठा मफलरवाला? त्या दिवसापासून माझा गळा झाकलेला असतो तो धुळीपासून, लोकांपासून नाही. थोमा नावाच्या शिष्यानं त्या व्रणाला बोट लावून बघायचं म्हटलं होतं. माझ्या बाबतीत एकाचीही तशी इच्छा झालेली नाही, हा भाग वेगळा.

यादी

आता जो प्रकार सांगतो त्यात मी एक शब्दही वाढवलेला नाही. शालिनीनं पेन्सिल खाली ठेवली आहे, यावरून समजा.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. शेवटी मंडळीचे सचिव गोर्डेमास्तर दोन याद्या वाचतात. एक आजाऱ्यांची, प्रार्थनेसाठी. दुसरी त्या वर्षात प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची, म्हणजे वारलेल्यांची. त्यांची नावं रविवारी पहाटे कबरस्थानात घेतली जातात आणि घरच्यांनी फुलं आणायची असतात. मास्तर शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी लिहिलं ते लिहिलं. त्यांनी माझं नाव दुसऱ्या यादीत लिहिलं.

वाचलं मास्तरांनी, घसा खाकरून. सबंध मंडळी सुन्न. शालिनीचा फोन वॉर्डात बंद, रूथ माझी औषधं आणायला गेलेली, तिचा फोन पर्समध्ये वाजतोय. पुरुषमंडळी बाहेर उभी राहून शोकसभा कधी घ्यायची यावर बोलायला लागली. आणि मार्थाबाई, आमच्या महिलामंडळाच्या अध्यक्षा, वय बहात्तर, जिभेला धार, त्यांनी दोघी बायकांना बरोबर घेतलं, कोपऱ्यावरून हार उचलला आणि रिक्षा करून थेट रुग्णालयात आल्या. मयताजवळ शालिनी एकटी असेल म्हणून.

दारात तिघी. मी खुर्चीत ताठ बसलेलो, सिस्टर नळीतून सूप घालत होती.

मार्थाबाईंच्या हातातला हार गळून पडला. एक बाई मटकन भिंतीला टेकली. शालिनी म्हणाली, "अहो मार्थाबाई, हार कुणाला?"

मी पाटीवर लिहिलं: "छोटा आणलात. माझ्या मानानं."

मार्थाबाई पुढे आल्या, माझ्या गालाला हात लावला, आणि मग त्याच हातानं दंडावर सणसणीत चापट मारली. "मेल्या, जिवंत आहेस! अख्खी मंडळी रडवलीस!"

तिथूनच त्यांनी मास्तरांना फोन लावला. फोन कानापासून लांब धरूनही आम्हाला ऐकू येत होतं.

"मास्तर, भालेराव जिवंत आहे. आम्ही तिघींनी बघितलाय."

"मार्थाबाई, तुम्ही धक्क्यात आहात. जरा पाणी प्या."

"मी त्याला मारलं आत्ता!"

"बाई, यादीत नाव आहे."

मार्थाबाईंनी माझा फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकला. मास्तरांनी खाली लिहिलं की आजकाल फोटो काहीही बनवता येतात, बंधुभगिनींनी विश्वास ठेवू नये. आणखी कुणीतरी लिहिलं, "भालेरावांचं काय सांगावं, मेल्यावरही थाप मारतील."

हसून हसून गळ्यातून शिट्ट्या वाजल्या माझ्या. सिस्टर धावत आली. पण मार्थाबाई हसत नव्हत्या. त्या खाली पडलेल्या फुलांच्या पाकळ्या गोळा करत होत्या आणि एकदम थांबल्या. "शालिनी," त्या म्हणाल्या, "तेव्हासुद्धा असंच झालं होतं गं. बायका सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरीकडे, मेलेल्याकडे गेल्या, आणि बातमी घेऊन परत आल्या. आणि पुरुषांना वाटलं, बायका काहीतरी बरळतायत."

मी शालिनीकडे बघत राहिलो. तीस वर्षं दर ईस्टरच्या पहाटे ती फाटकाबाहेर मेणबत्ती धरून उभी असायची. आत मी.

मास्तर दुसऱ्या दिवशी स्वतः आले. माझा पाय दाबून बघितला. मग चष्मा पुसत म्हणाले, "शुद्धिपत्रक काढावं लागेल." काढलं. अजून माझ्याकडे आहे, सही-शिक्क्यासकट मी जिवंत असल्याचं. हा मान पुण्यात दुसऱ्या कुणाला मिळालेला माझ्या ऐकिवात नाही.

पहाट

शनिवारी घरी सोडलं. सर्जनबाईंनी अटी घातल्या: गर्दीत शिरायचं नाही, गळ्यावर ओलसर जाळीचं कापड, नळी सांभाळायची, अर्ध्या तासात घरी. मी पाटीवर सगळ्याला हो लिहिलं.

रविवारी पहाटे रूथनं गाडीनं कबरस्थानाशी आणलं. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या कबरी अंधारातही दिसत होत्या. लोक माझ्यासाठी बाजूला झाले. शुक्रवारी माझ्या नावानं रडून झालेली माणसं आता पुन्हा डोळे पुसत होती. एका म्हाताऱ्यानं मला हळूच चिमटा काढून बघितला.

रूथनं आत मधोमध स्पीकर नेऊन ठेवला आणि फाटकाशी येऊन माझ्याजवळ उभी राहिली. पूर्वेला रेघ उमटली. तिनं फोनवर बोट टेकवलं.

"प्रभू उठला आहे!"

माझा आवाज. छान आला होता, मीच म्हणतो. पण उत्तर आलं ते असं, की शोकसभेत फोटोला हार घातल्यावर लोक जसे हळू पुटपुटतात. कुणी स्पीकरकडे बघेना. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तो आवाज मेलेल्या माणसाचा असल्यासारखा ऐकत होते. मीही ऐकत होतो. कबरस्थानात माझाच आवाज मला सांगत होता, पण सांगणारं तिथं कुणी नव्हतं. आपण प्रभू उठल्याची बातमी सांगतोय आणि ती डब्यात भरून!

मी रूथचा हात धरला आणि मान हलवली. तिनं बंद केलं. फाटक कुणी ढकललं नाही. सगळे थांबले.

आता काय? मार्थाबाईंनी त्यांची मेणबत्ती पाटीजवळ धरली आणि मी लिहिलं: "तुम्ही आत जा. बातमी बायकांनी आणली होती."

त्यांनी वाचलं. मास्तरांनीही मान लांब करून वाचलं आणि, हे मी त्यांच्या मोठेपणासाठी लिहितो, ते एक पाऊल मागे सरले.

"मला दमा आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "आणि मी वॉर्डात तासभर होते. दहा दिवस कोण बसलं होतं?"

सगळ्यांनी शालिनीकडे बघितलं. तिच्या एका हातात माझ्या औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात मेणबत्ती.

"अहो, नाही," ती मला म्हणाली. "मी कधी ओरडलेय का?"

मी पाटी पुसली. कोरी करून तिच्यापुढे धरली.

तिनं त्या कोऱ्या पाटीकडे बघितलं. मग पिशवी रूथकडे दिली, पदर खोचला, आणि फाटक ढकलून एकटी आत गेली. मधोमध गेली नाही. तिच्या आईच्या कबरीपाशी थांबली. पाठमोरी. मला तिचे खांदे दिसत होते, वर गेलेले.

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला, आणि काय फुटला! सुरात नाही, घडवलेला नाही. चौतीस वर्षं आत ठेवलेला आवाज होता तो. चिरकला, वर गेला, आणि वर गेला तो खाली आलाच नाही.

"प्रभू उठला आहे!"

कबुतरं उडाली. खरोखर उडाली, तीन होती, मी वाढवून सांगत नाही. आणि मंडळीनं असं उत्तर दिलं की फाटक हललं. "खरोखर उठला आहे!"

मीही दिलं. ओठ हलवले, छातीतून जोर लावला. शब्द झाला नाही. हवा गळ्यातल्या भोकातून, जाळीच्या कापडातून फसकन बाहेर पडली आणि माझ्या हातातली मेणबत्ती विझली. माझं "खरोखर" ते तेवढंच. पण तीस वर्षांत पहिल्यांदा त्यात माझं स्वतःचं काही मिसळलेलं नव्हतं. मी ओरडायचो तेव्हा मला माझा आवाज ऐकू यायचा. त्या पहाटे मला बातमी ऐकू आली. आणि भीती वाटत नव्हती.

लोक आत धावले. शालिनी त्यांच्या उलट दिशेनं चालत माझ्याकडे आली. चेहरा ओला, छाती धपापत होती. तिनं आपल्या मेणबत्तीनं माझी पेटवली.

माझा ऊर इतका भरून आला होता की अर्ध्या तासाची अट मी विसरलो. अभिमान मला आयुष्यभर होता, पण तो सगळा माझाच. त्या पहाटे पहिल्यांदा दुसऱ्याचा वाटला, आणि तो जास्त मोठा निघाला.

आता

आता बरा आहे. पुढे विकिरणाचे उपचार झाले, त्यात तोंडाची चव गेली आणि परत आली. नळी निघाल्यावर पहिलं काय मागितलं? मासा. उठल्यावर प्रभूनंही खायलाच मागितलं होतं आणि भाजलेला मासा खाल्ला होता. मी त्याच्याच वळणावर गेलो. शालिनीनं बांगडा केला. काट्यांची भीती म्हणून तिनं एक-एक काटा काढून दिला, आणि ते खायला मला दीड तास लागला. (पेन्सिल: पाऊण.)

गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं आहे, दाढीच्या मशिनसारखं. त्यातून बोलतो. आवाज डब्यातल्या भुंग्यासारखा येतो. लहान मुलांना फार आवडतो. महिन्यातून दोनदा त्याच वॉर्डात जातो. ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे आणि ज्यांनी आतून कडी लावून घेतली आहे, त्यांच्या दाराबाहेर खुर्ची ओढून बसतो. माझं भोक दाखवतो. भुंग्याच्या आवाजात सांगतो की घाबरलेलं चालतं, आणि हेही सांगतो की कुणाला भेटून मी घाबरायचा थांबलो. थोडक्यात सांगतो. यंत्राची बॅटरी पुरत नाही.

दर ईस्टरच्या पहाटेची आरोळी आता शालिनीची आहे. मी फाटकाबाहेर, मेणबत्ती धरून.

पण त्या पहिल्या रविवारचं राहिलं. परत येताना गाडीत ती माझ्याशेजारी बसली होती, हात गार, आवाज बसलेला. मी पाटी मांडीवर घेतली आणि जरा भीत भीतच लिहिलं: "हडपसरपर्यंत गेली असेल का गं?"

तिनं वाचलं. चौतीस वर्षं जिनं माझा एकही आकडा सोडला नाही, तिनं खिडकीबाहेर बघितलं, डोळे बारीक केले, अंतर मोजल्यासारखं केलं.

"हडपसर?" ती म्हणाली. "अहो, लोणी काळभोरच्या पुढं गेली."

(पेन्सिल चाललेली नाही.)